आप्पांचा चेहरा

दार वाजवलं की आप्पा लगेच आत येत नसत. जिन्याच्या खिडकीतून जिथे उजेड पडायचा तिथे जाऊन उभे राहत. डोक्याला गुंडाळलेला रुमाल सोडत, चेहरा एकदा डावीकडे वळवत, एकदा उजवीकडे, आणि म्हणत, “पाहून घ्या बाई. मीच आहे.”

“अहो आप्पा, समोरच्या दारात राहता तुम्ही. मी नाही ओळखणार?”

“असू द्या. एकदा पाहिलेलं बरं.”

ही सवय त्यांना जन्मापासून नव्हती. ती लोकांनी लावली. कशी लावली ते सांगायला बसले आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांच्याकडे आयुष्यभर कुणी मान वळवून बघितलं नाही, आणि मग सगळे एकदम असे बघायला लागले, की बघून घेण्यानंच ती दमून गेली. आप्पा त्यातले.

आमची सोसायटी सुरतेत, पांडेसऱ्यात. सोसायटी हे म्हणायला; तीन मजले, लांब गॅलरी आणि तिला लागून खोल्या. दुपारी गॅलरीत बायका साड्यांना लेस लावत बसतात आणि रंगीत दोऱ्यांचे तुकडे वाऱ्याबरोबर जिन्यापर्यंत जातात. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, म्हणून सगळ्यांची ‘बाई’. आप्पा शिरपूरकडचे. रंगाच्या मिलमध्ये कामाला. ओलं कापड ताणून गरम हवेवर वाळवणारं एक लांबच लांब मशीन असतं, त्याच्या तोंडाशी ते उभे असत. त्या धगीनं त्यांच्या हातावरचे केस केव्हाच गेले होते. घरात ते अहिराणी बोलत, माझ्याशी जपून जपून शाळेतलं मराठी, मिलमध्ये हिंदी आणि दुकानात गुजराती. चारही भाषांत कमीच बोलत.

चेहऱ्याचं म्हणाल तर सांगण्यासारखं काही नाही. पुढचे केस गेलेले, झुपकेदार मिशा, गाल थोडे बसलेले. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर तुम्हाला हमखास दिसेल असा एक माणूस. आपला चेहरा कुणाच्या लक्षात राहावा असं त्यांना कधी वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

सुरुवात एका रविवारी भाजीबाजारात झाली. आप्पा वांगी निवडत होते. मागून एक सफारीवाले गृहस्थ आले आणि कानाशी लागून म्हणाले, “शेठ, माल क्यारे आवशे?”

आप्पांना जन्मात कुणी शेठ म्हटलं नव्हतं. त्यांना वाटलं, कुणी लहान व्यापारी असेल, मिलमधलं कापड कधी येणार ते विचारत असेल. रविवारी मिल बंद. ते म्हणाले, “सोमवारे आवशे.”

“केटली पेटी?”

“पेटी नहीं, ताका. पेटीमां कोण आपे?”

ताका म्हणजे कापडाचा अखंड तुकडा; पेटीतून कापड कोण देतं, असं आप्पांचं म्हणणं. ते गृहस्थ हसले. आप्पांचा हात हातात घेऊन दाबला. “समजी गयो, शेठ. ताका!”

सोमवारी हे गृहस्थ कापडी पिशवी घेऊन मिलच्या फाटकावर हजर. आप्पांनी त्यांना सरळ ऑफिसात पाठवून दिलं. तिथे त्यांनी मॅनेजरच्या टेबलाशी वाकून, हळू आवाजात, विलायती दारूच्या दोन बाटल्या मागितल्या. मॅनेजरनं त्यांना वॉचमनकरवी बाहेर काढलं. गुजरातेत दारूबंदी आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि दारू कशी मिळते हेही बहुतेकांना ठाऊक असतं. आप्पांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मला म्हणाले, “बाई, चांगल्या घरचा माणूस होता. कापड न घेताच गेला.”

मग तो फोटो आला. कामरेजच्या नाक्यावर दारूची गाडी अडवली होती, ती नाका तोडून पळाली, आणि एका पोलिसाच्या पायावरून चाक गेलं. गाडी चालवणारा हाच या धंद्यातला मोठा माणूस, फरार आहे, दिसला तर कळवा, असा मजकूर आणि खाली कॅमेऱ्यातला फोटो. काचेमागे एक चेहरा, अर्धा उजेडात आणि अर्धा अंधारात. टक्कल आणि मिशा तेवढ्या स्पष्ट. तो फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी आला आणि दुपारपर्यंत गॅलरीतल्या बायकांची सुई थांबली.

आप्पांनी स्वतः तो फोटो माझ्या फोनवर पाहिला. चष्मा वर-खाली केला. म्हणाले, “आपलाच वाटतो हो.”

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मागून म्हणाल्या, “तुमच्याकडे असा शर्ट कोठे आहे?”

“ते बी खरं.”

पुढचे काही दिवस मोठे गमतीचे गेले. आता गमतीचे म्हणवत नाही, पण तेव्हा आम्ही हसलो. जिन्यात मोटारसायकल आडवी लावणारा सेक्रेटरी गुपचूप ती बाहेर लावू लागला. पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांचं भांडण पेटलं होतं. आप्पा बादली घेऊन नुसते वर गेले आणि दोन्हीकडचे लोक गप्प झाले. किराणावाला त्यांना रांगेतून पुढे बोलवायचा. रिक्षावाला म्हणाला, “आप बैठो भाई, आपसे क्या लेना.” आप्पांनी त्याला बळजबरीनं भाडं दिलं, तर तो अजूनच घाबरला.

“खोटं कशाला बोलू बाई,” एकदा ते म्हणाले, “या वयापर्यंत कुणी आपलं ऐकलं नव्हतं. आता खोकलो तरी लोक ऐकतात.” आणि जरा थांबून, “पण झोप लागत नाही.”

मग एका दुपारी दोन पोलीस आले. साध्या कपड्यांत होते. आप्पा पहिल्या पाळीहून येऊन जेवायला बसले होते, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. माझं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. एकानं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “चालो काका, साहेब बोलावे छे.”

आप्पांच्या तोंडून घरातलीच भाषा निघाली. “माणूस चुकना भो.”

“शुं?”

“तुमचा माणूस चुकला, साहेब. तो मी नाही.”

“बधा एज कहे छे.” सगळे हेच म्हणतात.

“हात धुवू द्या.”

त्यांनी हात धुऊ दिले. आप्पांनी हात पुसून रुमाल खुंटीला नीट लावला, चप्पल घातली आणि त्यांच्यामधून चालत गेले. गॅलरीभर बायका उभ्या होत्या. वहिनींनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, जसं काही ते आत्ता येऊन पुन्हा बसणार आहेत.

मला गुजराती नीट येतं, आणि शिक्षिका म्हटलं की लोक जरा ऐकून घेतात, म्हणून मी वहिनींबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब काही वाईट नव्हते. तेही दमलेले दिसत होते. ज्याच्या पायावरून चाक गेलं तो पोलीस त्यांच्याच हाताखालचा होता. आप्पांचं आधार कार्ड त्यांनी बोटानं बाजूला सरकवलं. “असली दहा कार्डं तो खिशात घेऊन फिरतो.” बाजारातली ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती; आप्पांना विचारलं, “‘सोमवारे माल आवशे’ असं तुम्ही बाजारात बोललात की नाही?”

आप्पांनी विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. “बोललो, साहेब.”

“आणि पेटीच्या जागी ताका म्हणायचं, असं ठरवून दिलं?”

“तसं बी बोललो.”

मी मध्ये पडून सगळं समजावून सांगायला लागले, तसा मला स्वतःलाच तो खुलासा खोटा वाटायला लागला. बाजारात दारूवाला समजून कुणी विचारतो, हा कापडाचं उत्तर देतो. कोण विश्वास ठेवणार? मी म्हटलं, मिलला फोन लावा. मिलवाल्यांनी ठेकेदाराचा नंबर दिला, कारण आप्पा त्याच्यामार्फत कामाला होते. साहेबांनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. ठेकेदार पोलीस म्हटल्याबरोबर म्हणाला, “हमारे यहाँ ऐसा कोई आदमी नहीं है, साहब.”

इतकी वर्षं त्या धगीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल हे उत्तर. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आप्पाच म्हणाले, “घाबरला असंल तो. असू द्या.”

साहेबांनी मग ओळख पटवायला त्या फरार माणसाच्या आईला आणायला गाडी पाठवली. ती चलथाणला, साखर कारखान्याच्या मागच्या वस्तीत राहायची. आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. मूळची आमच्याकडचीच, खानदेशातली. गाडीतून उतरली तेव्हा तिला धरावं लागलं. एका डोळ्यात पांढरट सारा पडलेला, हाताची कातडी उसाच्या पाचटासारखी कोरडी.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आई आली, आता सुटले. आई कशी चुकेल?

तिला आप्पांसमोर उभं केलं. ती जवळ आली आणि तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला. मग कपाळावर. मग मिशांवरून बोट फिरवलं. तिचा हात थांबला. तो थांबलेला मी पाहिला. तिनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या बंदूकवाल्या शिपायाकडे. मग आप्पांच्या छातीवर डोकं टेकून म्हणाली, “हाऊच मना पोऱ्या शे.”

हाच माझा मुलगा.

वहिनी ओरडल्या. आप्पा मात्र ओरडले नाहीत. खाली वाकून त्या म्हातारीला हळूच म्हणाले, “माय, नीट देख.”

तिनं पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या दिवसांचं काय सांगू? वहिनी रोज डबा घेऊन ठाण्याच्या फाटकाबाहेर बसत. कधी डबा आत जाई, कधी परत येई. मुलगी लेस लावायचं काम दार बंद करून घरात करू लागली. अमळनेरकडचं एक स्थळ तिच्यासाठी जवळजवळ ठरलं होतं. त्यांचा फोन आला, मुलगी चांगली आहे, पण चार नातेवाईक विचारतात, आम्ही काय सांगायचं? मुलीनंच फोन घेतला होता. “काही सांगू नका,” म्हणाली आणि ठेवला.

आणि एके दिवशी तो खरा माणूस पकडला गेला. पार दुसऱ्या जिल्ह्यात, दारूनं भरलेल्या गाडीसकट. साहेबांचा नाइलाज झाला. कोठडीतल्या माणसाला एकाच वेळी तिकडे गाडी चालवता येत नाही. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, घरे जाओ. अने आ मूछ काढी नाखो.”

आत काय झालं ते आप्पांनी कुणाला सांगितलं नाही. बरेच दिवस ते उभ्यानं जेवत, एवढं मी समोरून पाहिलं. तुम्ही समजून घ्या.

मिशा मात्र वहिनींनी खरोखरच काढायला लावल्या. न्हाव्याकडून परत आले तर वहिनींनी परका माणूस समजून डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, “ते घरी नाहीत.” मुलगी हसली. त्या सगळ्या काळात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी मिलच्या वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. म्हणाला, या नावाच्या माणसाला मिशा आहेत. आप्पा घरी येऊन जिन्यात बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “मिशा होत्या तर मी तो होतो. आता नाहीत, तर मी मीबी नाही.”

शेवटी मिशा पुन्हा आल्या. मशीनवरची जागा मात्र गेली. ठेकेदारानं त्यांना कापडाच्या गाठी उचलायच्या कामावर लावलं. ते काम जवान माणसाचं. आप्पा घरी येत तेव्हा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहत. त्यात आमच्या भागात दर थोड्या दिवसांनी नवा पोलीस येई. नाक्यावर त्यांना थांबवून फोन काढून फोटो बघे, कारण तो फोटो अजून फिरतच होता. सुटका झाल्याची बातमी काही कुणी तेवढ्या हौसेनं पुढे पाठवली नव्हती. मग ते स्वतःच उजेडात जाऊन उभे राहायला लागले. आधी पोलिसांसमोर, मग दुकानदारांसमोर, मग माझ्या दाराशीही.

त्या उन्हाळ्यात ती म्हातारी आली.

दुपारची वेळ. कुणाकुणाला विचारत, दम खात, तिन्ही मजले चढून ती आप्पांच्या उंबऱ्यावर येऊन बसली. वहिनींनी तिला ओळखलं आणि हातातली परात खाली आदळली. “आता काय राहिलं आमच्या घरात? काय न्यायला आलीस?”

म्हातारीनं पदरानं घाम पुसला. आप्पा आतून आले आणि तिच्यासमोर भुईवर बसले. मी माझ्या दारात उभी होते.

“माय,” आप्पांनी विचारलं, “डोळ्यानं दिसत नाही का तुला?”

“एका डोळ्यानं दिसतं.”

“मग मला ओळखलं नव्हतं?”

“ओळखलं होतं.” तिचा आवाज अगदी सरळ होता. “हात लावला तेव्हाच कळलं. माझा नाही म्हणून.”

“मग?”

“ते म्हणत होते, सापडला की सोडणार नाही. त्याच्या हातून पोलिसाचा पाय गेला होता. त्याला कोठेतरी नेऊन मारतील असं मला वाटलं. मी म्हटलं, हा माणूस साधा आहे. याच्यात काही निघणार नाही, याला आज ना उद्या सोडतील. तोवर तो लांब जाईल. मी एवढाच हिशेब केला. तुझ्या घरात कोण आहे, तो हिशेब नाही केला.”

वहिनी रडायला लागल्या. “माझ्या पोरीचं लग्न मोडलं गं, म्हातारे. या माणसाचं काय केलं ते बघ. बघ एकदा.”

म्हातारीनं आप्पांचे पाय धरायला हात पुढे केले. आप्पांनी पाय मागे घेतले. मला वाटलं, आता ते बोलतील. इतक्या दिवसांचं सगळं बोलतील. मलाही ते बोलायला हवे होते, खरं सांगते. पण ते तिच्या फुटलेल्या टाचांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एवढ्या उन्हात बसनं आलीस?”

“हो.”

“पाणी प्यालीस?”

वहिनी आत निघून गेल्या. पाणी आप्पांनी स्वतः आणलं. ऊन कलल्यावर तिला हाताला धरून जिना उतरवला आणि बसमध्ये बसवून आले. त्यानंतर पुष्कळ दिवस वहिनी त्यांच्याशी मुलीच्या मार्फत बोलत होत्या.

पुढे कळलं की आप्पा अधूनमधून रविवारी चलथाणला जातात. मी विचारलं, “कशासाठी जाता हो?”

“काय करणार? पोरगा तुरुंगात. डोळ्यात औषध घालायला कोणी नाही तिच्या.” मग मिशांत हसले. “आणि तिनं तर साहेबांसमोर सांगून ठेवलंय, मी पोरगा म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय. आता मी नाही म्हटलं तर पुन्हा आत टाकतील.”

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. कारखाना चालू होता, मळीचा आंबूस गोड वास सगळ्या वस्तीवर बसलेला. पत्र्याच्या खोलीबाहेर म्हातारी बाजेवर होती. आप्पांनी तिचं डोकं मागे धरलं आणि डोळ्यात थेंब सोडले. ती त्यांच्यावर करवादत होती, उशिरा का आलास, मागच्या वेळी औषध सांडलंस, हात जड आहे तुझा. आप्पा मुकाट ऐकत होते. घरी कुणी त्यांना एवढं बोललं नसेल. परतताना मी म्हटलं, “आप्पा, ती तुम्हाला नावानं हाक मारत नाही?”

“तिनं नाव विचारलंच नाही कधी.”

“आणि तुम्हाला राग नाही येत?”

बसच्या खिडकीतून ते बाहेर बघत होते. म्हणाले, “येतो ना बाई. पण दिवसभर गाठी उचलून आल्यावर राग धरायला जोर कोठे राहतो?” मग म्हणाले, “तिनं तोंडावर खरं सांगितलं. ठेकेदार अजून खरं बोलला नाही.”

मुलीचं लग्न पुढे नवसारीला झालं. बरं झालं. लग्नात आप्पा सारखे मांडवाच्या कडेला उभे राहत होते, फोटोवाला आला की मागे सरकत. मुलीनं हाताला धरून ओढून आणलं तेव्हा कुठे एका फोटोत आले. त्यातही त्यांची मान खाली आहे.

गेल्या थंडीत एका दुपारी ते पाळीहून आले. जिन्यात नेहमीसारखे थांबले नाहीत, म्हणून मला बरं वाटलं. जेवण नको म्हणाले, जरा पडतो म्हणाले. वहिनी चहा घेऊन उठवायला गेल्या तर उठले नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी हात धरून पाहिला आणि खाली ठेवला. इतकंच. त्यांनी कुणाला धावपळसुद्धा करायला लावली नाही.

चलथाणला निरोप मीच दिला. वहिनींनीच सांगितलं, “तिला कळवा.” म्हातारीनं ऐकलं आणि बाजेच्या दोरीत बोटं अडकवून बसून राहिली. मी निघाले तेव्हाही तशीच होती.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मग एका सकाळी वहिनींनी मला हाक मारली. हाकेत काहीतरी निराळं होतं. मी गेले तर दारात एक माणूस उभा. चपला बाहेर काढलेल्या, हात जोडलेले.

“चलथाणहून आलोय,” तो म्हणाला. “मायनं पाठवलं. मी मागच्या महिन्यात सुटलो.”

म्हणजे हा तो. ज्याच्या जागी आमचे आप्पा कोठडीत बसले तो.

वहिनी रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी सतरंजी टाकली. तो भिंतीला टेकून बसला. “मी आत असताना ते माझ्या मायकडे येत होते,” एवढं म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाला. मग आप्पांच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, तो मुलीच्या लग्नातला, आणि त्यानंही मान खाली घातली.

मी त्याच्याकडे बघत होते. आप्पांपेक्षा चांगला वीतभर बुटका. नाक बसकं, डोळे घारे, जबडा रुंद. टक्कल होतं, मिशा होत्या. तशा त्या निम्म्या सुरतेला आहेत. पोलिसांना, किराणावाल्याला, बाजारातल्या त्या सफारीवाल्याला, सगळ्या सोसायटीला जे दिसलं होतं, ते कुठे होतं? मी मान वाकडी करून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. वहिनीही पाण्याचा तांब्या हातात धरून त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हत्या. कपाळ, गाल, हनुवटी, पुन्हा कपाळ. तो बिचारा अवघडून गेला. पाणी प्याला, नमस्कार करून उठला आणि जिना उतरून गेला.

त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत गेला तरी वहिनी दारातच होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाई, ते कुठेच नाहीत हो.”